वारा उना

मायला तिचा फोटो सोनगीरलाच काढून हवा होता. माझा अमळनेरला चांगला स्टुडिओ आहे. तिथे वारा आत येत नाही, लाइट जिथे लावावा तिथे राहतो आणि बसणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत धूळ जात नाही. हे सगळं तिला सांगून झालं. ती म्हणाली, "स्टुडिओमा काढेल फोटो हारना दिसस."

हाराचा म्हणजे माणूस गेल्यावर ज्याला हार घालतात तो. त्यानंतर मी वाद घातला नाही. तो विचार मीही दोन आठवडे दाबून ठेवला होता.

तिच्या डाव्या गालात गाठ होती. वर्षानुवर्षं मिसरी घासून घासून ती झाली, असं सगळे म्हणत होते. ज्या बायका हे सांगायला घरी यायच्या, त्यांच्याही दातांवर मिसरी दिसायची, म्हणून मला त्यांचा रागच यायचा. जळगावच्या एका दवाखान्यात तिला दुसऱ्या दिवशी भरती करायचं होतं आणि त्याच्या पुढच्या सकाळी ऑपरेशन होतं. डाव्या जबड्याचा भाग काढावा लागेल, चेहरा पहिल्यासारखा राहणार नाही, हे डॉक्टरांनी तिच्यासमोरच सांगितलं होतं. घरी आल्यावर चपला काढता काढता ती म्हणाली, "त्याना आगोदर मना एक चांगला फोटो काढी दे."

म्हणजे जे काय करायचं ते एका संध्याकाळी व्हायचं होतं. झालं नाही तर पुन्हा त्या चेहऱ्याचा फोटो निघणार नव्हता.

तिचे जुने फोटो मी आधीच शोधून पाहिले होते. लग्नाकार्यांतले होते थोडे. प्रत्येकात पदर कपाळापर्यंत ओढलेला, ओठ घट्ट मिटलेले, कुणाच्या तरी खांद्याआड अर्धी. प्रत्यक्षात ही बाई बोलायला लागली की समोरच्याचा चहा निवतो. धुळ्याच्या बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी बाईच्या घरातली भांडणं तिला पारोळा यायच्या आत माहीत झालेली असायची. पण कॅमेरा समोर आला की तोंड बंद. आणि जावई समोर आला की दुप्पट बंद. आमच्याकडे सासू जावयाशी सरळ बोलत नाही, डोक्यावरचा पदर खाली येऊ देत नाही. माझा नवरा कोल्हापूरकडचा. त्याच्या घरी असलं काही नाही. लग्नानंतर पहिल्या दिवाळीला तो तिच्या शेजारी जाऊन बसला आणि "आई, काय म्हणताय?" असं विचारलं, तर ती उठून स्वयंपाकघरात गेली. त्याला वाटलं आपलं काहीतरी चुकलं. तेव्हापासून तिचं त्याच्याशी जे काही बोलणं व्हायचं, ते माझ्यामार्फत.

सोनगीरला किल्ल्याच्या पायथ्याशी माझ्या मामाचं शेत आहे. शेतात विहीर, विहिरीला लागून दगडी थारोळं. पूर्वी मोट चालायची तेव्हा पाणी त्या थारोळ्यात पडायचं. आता मोटर आहे, थारोळं कोरडं असतं. लहानपणी माय त्याच्या काठावर बसून जेवायची, म्हणून फोटोही तिथेच. विहिरीला कठडा नाही. मामा दरवर्षी बांधतो म्हणतो.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं आणि वारा सुटला होता. मे संपत आलेला, शेतं नांगरून उघडी पडलेली, कपाशी लावायला अजून वेळ. अडवायला मध्ये काही नसतं, त्यामुळे वारा किल्ल्याला वळसा घालून येतो आणि झोत कधी येईल ते येईपर्यंत समजत नाही. माझ्या धंद्यातल्या माणसाने अशा हवेत फक्त कॅमेरा काढावा, बाकी सामान गाडीत ठेवावं. एरवी मी तेच करते. किल्ल्यावर लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी येतात. त्यांना मी सांगते की केस उडाले तर उडू द्या, छान दिसतं. इथे मला उडणारे केस नको होते. मला त्या गालाची सूज नको होती.

त्यासाठी एकच रस्ता होता. मोठा, मऊ उजेड तिच्या उजव्या बाजूने, अगदी जवळून द्यायचा. मग डावा गाल हळूहळू सावलीत जातो आणि सूज सावलीत मिसळून जाते. उजेड मऊ करायला आम्ही फ्लॅशपुढे काहीतरी धरतो: पांढरी छत्री, नाहीतर सॉफ्टबॉक्स. सॉफ्टबॉक्स म्हणजे काळ्या कापडाची मोठी पेटी, आत फ्लॅश, तोंडाला पांढरं कापड. त्या कापडातून उजेड गाळून येतो. घरात ही फार गुणी वस्तू. वाऱ्यात तिचा पतंग होतो.

आणि उजवी बाजू नेमकी पश्चिमेची, वाऱ्याची. तिला उलटं बसवलं तर मावळतीचं ऊन सरळ सुजलेल्या गालावर. डावीकडे विहीर. म्हणजे वारा, उजेड, माय, विहीर, असं सगळं एका ओळीत. मला ते दिसत होतं. मी म्हटलं, सांभाळून करू.

पहिल्यांदा छत्री उघडली. ती लगेच उलटी झाली. मामा बांधावरून बघत होता. म्हणाला, "बाई, हाई छत्री पानीमा चालस का उन्हमा?" मी म्हटलं, कशातच नाही. मग चांदीच्या कापडाचा गोल रिफ्लेक्टर काढला आणि नवऱ्याला धरायला दिला. तो धरून उभा राहिला, कापड त्याच्या तोंडावर थापलं गेलं आणि चष्मा खाली पडला. काच वाचली. माय पदराच्या आड तोंड करून बसली होती, हसत होती की डोळ्यांतली धूळ पुसत होती ते कळलं नाही.

शेवटी सॉफ्टबॉक्स जोडला. स्टँडचे पाय पसरले, उंची शक्य तितकी कमी केली. मामाने खताच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून दिली, ती पायांवर ठेवली. वर बैलांच्या कासऱ्याने स्टँड लिंबाच्या बुंध्याला बांधला. हे सगळं मी करत होते आणि शिव्याही देत होते, कुणाला ते विचारू नका. गाठी मारून झाल्यावर एक झोत आला. पाय हलले नाहीत, पण वरची दांडी वाकली आणि पेटी मायच्या कपाळापासून वीतभर अंतरावर येऊन थांबली. आतला फ्लॅश चांगला जड असतो. तो तिच्या त्याच गालावर आला असता तर काय झालं असतं, हे डोळ्यांपुढे आलं. मी सगळं सोडवून टाकलं.

"मी हातात धरतो," नवरा म्हणाला.

"मघाशी धरला तसा?"

"आता समजलंय मला."

त्याला खरंच समजलं होतं. पेटीची कड वाऱ्याकडे धरली तर वारा तिच्या दोन्ही बाजूंनी निघून जातो. तोंड मायकडे केलं की वारा पाठीत भरतो. म्हणजे झोत येईल तेव्हा कड वाऱ्याकडे फिरवायची, झोत ओसरला की मायकडे. प्रश्न इतकाच की नवऱ्याची पाठ वाऱ्याकडे आणि माझा डोळा कॅमेऱ्यात. झोत येताना बघणार कोण? मामा पश्चिमेच्या बांधावर जाऊन उभा राहिला. तिथून त्याला पलीकडच्या नांगरटीतली धूळ उठताना दिसायची. धूळ उठली की खांद्यावरचा टॉवेल वर करायचा, हे ठरलं. मी तो टॉवेल डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायचा आणि नवऱ्याला सांगायचं.

थोडा वेळ हे जमलं. टॉवेल वर, मी म्हणायचे "फिरव", पेटीची कड वाऱ्याकडे. टॉवेल खाली, मी म्हणायचे "आण", पेटी मायकडे, मी दोन-चार फोटो काढायचे, पुन्हा टॉवेल वर. नवऱ्याचे दंड थरथरत होते. कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या माणसाला खडूपेक्षा जड काही उचलायची सवय नसते. पण त्याने एकदाही "किती वेळ" म्हणून विचारलं नाही. हे मी त्याला तेव्हा सांगितलं नाही, म्हणून इथे सांगते.

फोटो येत होते, पण चेहरा येत नव्हता. पदर कपाळावर, त्याची सावली डोळ्यांवर. ओठ मिटलेले.

"माय, पदर थोडा मागे घे."

तिने घेतला नाही. डोळ्यांनीच नवऱ्याकडे खूण केली.

"तो बघत नाहीये. तो पेटी बघतोय."

"त्यास्ले सांग, जरा बसा म्हना. हात दुखत व्हतीन."

"ते नंतर. आधी तू पदर घे मागे."

"ऱ्हाऊ दे ना. असाच काढ."

मला इतका राग आला की कॅमेरा खाली ठेवून शेताबाहेर चालू लागावं असं वाटलं. परवा त्या टेबलावर आडवी पडणारी बाई, आणि आज जावयाची लाज. सूर्य किल्ल्याच्या भिंतीला टेकायला आला होता. तो एकदा मागे गेला की उजेड सगळीकडून सारखा येतो, दोन्ही गाल सारखे दिसतात, मग माझ्या पेटीचाही फारसा उपयोग राहत नाही. मी म्हटलं, "माय, हा शेवटचा आहे. असा फोटो घेऊन मी काय करू?" मग तिने पदर बोटभर मागे सरकवला. बोटभरच. मी गुडघ्यावर बसले आणि कॅमेऱ्याला डोळा लावला.

त्याच वेळी मामाचा टॉवेल उडाला. मला ते दिसलं नाही, नंतर कळलं. झोताने तो त्याच्या हातातून नेला, आणि मामा बांधावरून ओरडला, "वारा उना! वारा उना!"

आता यातली गोम अशी. आमच्या बोलीत 'उना' म्हणजे आला. वारा उना, म्हणजे वारा आला, पेटी फिरव. हे शेंबडं पोरही सांगेल. माझा नवराही काही काल इथे आला नव्हता, 'पाव्हना उना' त्याला समजायचं. पण आमच्याकडे ण उच्चारत नाहीत. पाणीचं पानी, कोणचं कोन, आणि नवऱ्याचा अर्धा जन्म पोरांच्या वह्यांत त्या न चे ण करण्यात जातो. त्याच्या डोक्यात लाल पेन सतत उघडं असतं. वाऱ्यातून त्याच्या कानावर 'उना' आलं आणि त्या पेनाने तिथल्या तिथे शुद्ध करून टाकलं: उणा. वारा उणा. म्हणजे वारा कमी झाला. त्याने मोठ्या उत्साहाने, मी काही म्हणायच्या आत, पेटी पूर्ण उघडी मायकडे केली.

झोत पाठीत बसला तसा तो जागचा उचलल्यासारखा पुढे आला. त्याने दांडी सोडली नाही. महागाची वस्तू, बायकोची वस्तू, म्हणून दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली, आणि पेटी त्याला ओढत मायच्या समोरून डावीकडे घेऊन गेली. डावीकडे विहीर होती. माझ्या कॅमेऱ्यात एक काळा आडवा पट्टा गेला आणि मग त्याचे पाय दिसले, पळत नव्हते, घसरत होते. ओरडायला मी तोंड उघडलं.

आवाज मायचा आला.

"सोड! सोडी दे ते! हिरमा पडशी रे!"

विहिरीत पडशील. त्याला. एकेरीत. ती थारोळ्यावरून उठली होती, पदर खांद्यावरूनही गेला होता, आणि ती त्या दुखऱ्या तोंडाने, जेवताना घास आत जाईल इतकंच उघडायची ते तोंड पूर्ण उघडून, शेताच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशी ओरडत होती. माझं बोट बटणावर होतं. ते दाबलं गेलं. मी दाबलं असं म्हणवत नाही.

त्याने सोडलं. पेटी एकदा काठावर आपटली आणि आत गेली. पाण्याचा आवाज यायला जरा वेळ लागला, उन्हाळ्यात पाणी खोल असतं. नवरा काठापासून हातभर अंतरावर पालथा पडला होता. त्याच्या मुठीत गवत होतं.

मी धावत गेले आणि त्याला उठवायच्या ऐवजी त्याच्या पाठीत दोन गुद्दे घातले. मग रडायला लागले. मामा धावत आला. धापा टाकत म्हणाला, "मी त बोंबलीसन सांगं ना, वारा उना!"

"मला वाटलं उणा," नवरा म्हणाला. चेहरा पांढरा पडलेला, हनुवटीला माती. "म्हणजे… कमी झाला."

मामाला ते काही समजलं नाही. मला समजलं, आणि मला हसायलाही येईना. मी वळून बघितलं तर माय पुन्हा थारोळ्यावर बसली होती. पदर कपाळापर्यंत ओढलेला, एक हात डाव्या गालावर दाबून धरलेला. मला म्हणाली, "त्यास्ले पानी दे."

सूर्य किल्ल्यामागे गेला. त्या दिवशी आणखी फोटो निघाले नाहीत.

रात्री अमळनेरला मुक्काम केला, सकाळी उठून जळगावला निघायचं होतं. पहाटे मी स्टुडिओत फोटो बघत बसले. टॉवेलच्या वेळचे दोन चांगले होते. एकात तर सूज अजिबात कळत नव्हती. उजवा गाल उजळ, डावा मऊ सावलीत, नजर शांत. कुणीही म्हटलं असतं, काय सुरेख. मी तो मोठा काढला, फ्रेम केली आणि मायला दाखवला. तिने हातात घेतला, लांब धरला, जवळ आणला.

"चांगला शे," ती म्हणाली. "बाकीना बठ्ठा दखाड."

मी कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर एकेक सरकवत गेले. शेवटचा आला. तो मी दाखवणार नव्हते, पण बोट सवयीने पुढे गेलं. पेटी विहिरीकडे जाताना तिच्या डाव्या बाजूला, खाली आली होती आणि तेव्हाच आतला फ्लॅश उडाला होता. मी संध्याकाळभर जे लपवत होते तेच त्यात सगळं उजळून निघालेलं. सुजलेला गाल, ताणलेली कातडी, उघडं डोकं, वाऱ्यावर उडणारे पांढरे केस, आणि मधोमध ते उघडं तोंड. मिसरीने काळे झालेले दात, जीभ, सगळं.

"हाऊ काढ," ती म्हणाली.

"माय, हाऊ नको ना."

"हाऊच काढ."

"अगं, काय दिसतंय त्यात? लोकांना दाखवणार आहेस का हा?"

"तुले काय करानं शे? काढ."

मी चिडले. मी म्हटलं, एवढा जीव धोक्यात घालून चांगला फोटो काढला, नवरा विहिरीत जायचा वाचला, लाइट गेला तो गेलाच, आणि तुला नेमका हा पाहिजे. नवरा दारात उभा होता. त्याला वाटलं सासूबाई त्याच्यावर रागावल्या आहेत आणि पुरावा म्हणून हा फोटो जपून ठेवणार. तो हळूच म्हणाला, "काढून दे ना." मी काढला, पण छोटा, पोस्टकार्डाएवढा, आणि तिच्या हातात जवळजवळ आदळला. तिने तो कंबरेच्या पिशवीत ठेवला. माझी फ्रेम तिने माझ्याच टेबलावर ठेवून दिली.

जळगावला दवाखान्यात दिवसभर रक्त, छातीचा फोटो, सह्या, चकरा. संध्याकाळी डॉक्टर वॉर्डात आले. तरुण होते, थकलेले, पण खाटेच्या कडेला बसून बोलणारे. उद्या काय काय करणार ते त्यांनी सांगितलं. काही विचारायचंय का, असं म्हणाले. मी वहीतले प्रश्न काढणार, तेवढ्यात मायने कंबरेची पिशवी उघडली आणि तो फोटो त्यांच्यापुढे धरला.

"डॉक्टरसाहेब, माले आसं बोलता उनं पाहिजे."

डॉक्टरांनी फोटो घेतला. त्यांना वाटलं असेल काहीतरी चुकून आलंय, त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी काय सांगणार? मीही तेव्हाच पहिल्यांदा ऐकत होते. मायने बोटाने दाखवलं, फोटोतल्या त्या उघड्या तोंडावर बोट ठेवलं.

"एवढं उघडाले पाहिजे. गाल कसा बी दिसू द्या."

डॉक्टरांनी फोटो कोपऱ्यातल्या दिव्याखाली नेऊन बघितला, परत आणला. मग तिचा हात हातात घेतला.

"अक्का, मी खोटं नाही सांगणार. इतकं नाही उघडणार. खाता येईल, हळूहळू बोलताही येईल, व्यायाम केला तर बरंच. पण हे असं नाही."

"आरडता?"

"कुणावर आरडायचंय तुम्हाला?" ते हसून म्हणाले.

तिने माझ्याकडे बघितलं, मग खाटेच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्याकडे. "घरमा मानसं शेत," ती म्हणाली. घरात माणसं आहेत.

डॉक्टर हसले नाहीत. तिने फोटो परत घेतला, पिशवीत ठेवला, पिशवीची नाडी ओढली. मान हलवली, एखाद्या दुकानदाराने भाव सांगितल्यावर हलवावी तशी.

"बरं," ती म्हणाली. "मंग आज बोली लेस."

आणि ती बोलायला बसली. शेजारच्या खाटेवर बोदवडकडची एक म्हातारी होती. तिच्या सुनेचं माहेर, दिराची शेती, नातवाचा दमा, सगळं निघालं. त्या बाईची बोली वेगळी, हिची वेगळी, पण अडलं कुठेच नाही. मामाला फोन झाला. विहिरीला कठडा बांधायचा, या उन्हाळ्यातच, आणि यावर पुढे बोलणं नको, असं त्याला ठणकावलं. धुळ्याच्या दोन मैत्रिणींना फोन झाले. गाल दुखायला लागला की ती थांबायची, तळहात दाबून धरायची, पुन्हा सुरू. सिस्टर येऊन सांगून गेल्या की आता काही खायचं-प्यायचं नाही. हिने विचारलं, बोलाले चालस ना? त्या म्हणाल्या, चालतं.

मग तिने नवऱ्याला हाक मारली. माझ्यामार्फत नाही, सरळ. "जवाईबुवा, आठे बसा." तो स्टुलावर बसला, पाठ ताठ, परीक्षेला बसल्यासारखा. तिने पदर कपाळापर्यंत घेतला नाही. जिथे होता तिथे राहू दिला. माझ्याबद्दल ती त्याला सांगायला लागली. मी चिडले की माझ्याशी बोलायचं नाही, गुपचूप चहा ठेवायचा. मला ताप आला की मी खोटं सांगते, कपाळाला नाही, मानेला हात लावून बघायचं. लहानपणी मी किती मोठ्याने रडायचे आणि कशाने गप्प व्हायचे. त्याने एकाही शब्दाला अडवलं नाही, जिथे समजत नव्हतं तिथे "म्हणजे?" असं विचारलं, आणि तिने प्रत्येक वेळी पुन्हा सांगितलं.

मी भिंतीला टेकून उभी होते. माझ्या आईचा चेहरा जाणार म्हणून मी रडून घेतलं होतं, आवाजाबद्दल मी एक क्षणही विचार केला नव्हता. तिने केला होता. मला बाहेर जावंसं वाटलं, पण एक शब्द चुकला असता तर तो पुन्हा मिळणार नव्हता. मी फोन काढला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि तिच्या उशाशी ठेवला.

तिने फोनकडे बघितलं. "चालू शे ना ते?"

"शे," मी म्हटलं.

"मंग आते ऐका," ती म्हणाली आणि नवऱ्याकडे वळून पुढचं सांगायला लागली.